फॅशनच्या इतिहासाचा जळगावचा रविवारचा वर्ग: एका शिवणाऱ्या बाईचा अभिप्राय

जळगावला रिंग रोडजवळ फॅशन डिझाइनचा डिप्लोमा चालवणारी एक संस्था आहे. त्यांनी बाहेरच्या लोकांसाठी रविवारचा छोटा वर्ग सुरू केला आहे. विषय, आधुनिक फॅशनच्या इतिहासातल्या दंतकथा. पाच रविवार, दुपारी दोन ते पाच, आणि एक दिवस अजिंठ्याची सहल. फी 1800 रुपये, सहलीचा खर्च वेगळा. मी अमळनेरहून ये-जा करून तो पूर्ण केला. आमच्याकडच्या बऱ्याच टेलरताईंनी विचारलं की कसा आहे, पैसे वसूल होतात का, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पैसे वसूल होतात. उणिवाही आहेत, त्या पुढे सांगते.

माझं ब्लाऊज आणि ड्रेस शिवायचं दुकान आहे. सासरे प्रताप मिलमध्ये कामाला होते, त्यामुळे ताणा-बाणा, नंबर, मांड हे शब्द जेवताना कानावर पडायचे. तरी फॅशनचा इतिहास म्हणून जे काही वाचायला मिळतं ते सगळं एकाच साच्यातलं: अमक्या बाईने हा ड्रेस शोधला, तमक्या साहेबाने ती पँट. ज्याने माप घेतलं, कापड बेतलं, टाका घातला तो त्या गोष्टीत कुठेच नसतो. या वर्गाची मला सर्वांत मोलाची वाटलेली बाब हीच, की एकेक दंतकथा उसवली की आत कोणीतरी शिवणारा माणूस सापडतो. शिकवणाऱ्या मॅडमनी हे मुद्दाम ठरवून केलं असावं, कारण प्रत्येक रविवारी त्यांचा पहिला प्रश्न एकच असायचा: “हे शिवलं कोणी?”

पहिला रविवार कॉर्सेटचा, म्हणजे कंबर आवळायला युरोपातल्या बायका घालायच्या त्या कडक चोळीचा. मॅडमनी मांजरपाटाचं एक कॉर्सेट शिवून आणलं होतं. पुढे आकड्यांची पट्टी, मागे दोन्ही कडांना आयलेटं आणि त्यातून ओवलेली लांब नाडी. गोष्ट बहुतेकींनी ऐकलेली होती, की व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या बायका सोळा इंची कंबर करायच्या आणि त्यासाठी खालच्या बरगड्या काढून घ्यायच्या. मॅडम म्हणाल्या, बरगडी काढायची म्हणजे ऑपरेशन आलं. ईथरची भूल द्यायला लागले 1846 मध्ये, जखम निर्जंतुक ठेवायची लिस्टरची पद्धत आली 1867 मध्ये. त्या काळी साधं गळू कापलं तरी माणूस दगावायचा. नुसत्या कमरेसाठी कोणा बाईने बरगड्या काढून घेतल्याची खात्रीलायक नोंद कुठेही नाही.

मग मापाचा विषय निघाला, आणि तो मला फार आवडला. कॉर्सेटवर लिहिलेलं माप हे मागच्या दोन्ही कडा एकमेकींना टेकल्यावरचं असतं. घालताना मात्र मागे दोन-तीन इंच फट ठेवून नाडी बांधायची पद्धत होती. संग्रहालयातल्या कॉर्सेटला टेप लावून कोणी 20 इंच लिहिलं की वाचणारा तीच बाईची कंबर धरून चालतो. जुने फोटो म्हणाल तर फोटोग्राफर काचेच्या निगेटिव्हवरच कंबर आत घ्यायचे. आणि छातीला, कुल्ल्यांना गाद्या लावलेल्या असायच्या. घेर वाढवला की कंबर बारीक दिसते, हे लग्नाचे घागरे शिवणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे.

डिप्लोमाच्या एका मुलीने ते कॉर्सेट कुर्त्यावरून चढवलं, मॅडमनी नाडी ओढली. मुलगी छान बसली, बोलली, हसली. खाली ठेवलेली पाण्याची बाटली घ्यायची वेळ आली तेव्हा तिला पाठीतून वाकता येईना. पाठ सरळ ठेवून, गुडघे मोडून ती खाली गेली आणि तशीच वर आली. कपडा अंगाला कसं वागायला लावतो ते त्या एका हालचालीत कळलं. कॉर्सेट सुखाचं होतं असं मॅडमनी म्हटलं नाही. घट्ट आवळणाऱ्या बायका होत्या, डॉक्टर त्यांना रागावतही होते. पण रोज घालून धुणंभांडी करणाऱ्या, गिरणीत काम करणाऱ्या बायकाही होत्या, आणि त्यांची कंबर तुमच्या-माझ्यासारखीच होती.

दुसरा रविवार जीन्सचा. या एका तासासाठी मी पुन्हा 1800 रुपये देईन. गोष्ट अशी सांगतात की लेव्ही स्ट्रॉस सोन्याच्या खाणींकडे तंबूचं कापड घेऊन गेला, तंबू कोणी घेईना, म्हणून त्याने त्याच्या पँटी शिवल्या आणि जीन्स जन्मली. खरं असं की लेव्ही स्ट्रॉस हा बव्हेरियातून आलेला कापडाचा ठोक व्यापारी. 1853 मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोला आला आणि त्याने पेढी उघडली. तो शिंपी नव्हता. शिंपी होता जेकब डेव्हिस, मूळचा रिगा शहराचा, नेवाडा राज्यातल्या रीनो गावात दुकान टाकून बसलेला. तंबू, घोड्यांच्या पाठीवरच्या झुली, गाडीवरची आच्छादनं असलं जाड काम तो करायचा. 1870-71 च्या हिवाळ्यात एक बाई आली. तिचा नवरा मजूर, अंगाने दांडगा, पँट टिकत नाही, खिसे फाटतात, काहीतरी मजबूत शिवून द्या म्हणाली. डेव्हिसने जाड सुती डक कापड घेतलं. झुलींचे पट्टे ठोकायला तांब्याचे रिव्हेट त्याच्याकडे पडलेले होते, तेच त्याने खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकले. तीन डॉलरला पँट दिली.

खिशाचं तोंड कुठे उसवतं हे आपल्याला कोणी सांगायला नको. हात घातला-काढला की सगळा ताण वरच्या कोपऱ्यावर येतो. आपण तिथे उलटसुलट टाके मारून पक्कं करतो, तरी शेतात काम करणाऱ्या माणसाची पँट वर्षात दुरुस्तीला येतेच. डेव्हिसने तोच कोपरा पाहिला. हे सुचायला रोज उसवलेले खिसे हातात यावे लागतात, आणि ते शिंप्याच्याच हातात येतात.

त्या पँटी इतक्या चालल्या की कोणी नक्कल करेल अशी त्याला धास्ती वाटली. पेटंटची फी 68 डॉलर, तेवढे पैसे एकट्याने घालणं त्याला परवडेना. म्हणून ज्याच्याकडून कापड घ्यायचा त्या लेव्ही स्ट्रॉसला त्याने 1872 मध्ये पत्र लिहिलं, अर्धा वाटा देऊ केला. 20 मे 1873 ला दोघांच्या नावे पेटंट निघालं, क्रमांक 139121. डेव्हिस पुढे सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन कारखान्याचं शिवणकाम बघू लागला. 1906 च्या भूकंपात आणि आगीत पेढीची कागदपत्रं जळाली, आणि त्या मोकळ्या जागेत तंबूची गोष्ट वाढली. मॅडमनी पेटंटचं चित्र पडद्यावर दाखवलं. साधी पँट, खिशाच्या कोपऱ्यांवर ठिपके. मी वहीत ते जसंच्या तसं उतरवून घेतलं आहे आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येक मुलीला दाखवते.

तिसऱ्या रविवारी पॅरिस. तिथल्या फॅशन डिझायनर कोको शनेल, या शनेलबाईंनी बायकांना कॉर्सेटमधून सोडवलं आणि काळा ड्रेस शोधला, ही दुहेरी गोष्ट. काळ्या ड्रेसचं चित्र अमेरिकेच्या व्होग मासिकात ऑक्टोबर 1926 मध्ये आलं, त्याला मासिकाने फोर्ड गाडीची उपमा दिली, हे खरं. पण साधा काळा झगा त्याआधी दुकानात काम करणाऱ्या मुली आणि घरकाम करणाऱ्या बाया घालतच होत्या. सुतकाचा रंगही काळाच, आणि पहिल्या महायुद्धाने घराघरांत सुतक आणलं होतं. कॉर्सेटविरुद्धची बोलणी तर एकोणिसाव्या शतकापासून चालू होती. पॉल पॉइरेने शनेलच्या आधी कमरेला न आवळणारे ड्रेस काढले होते, मादलेन व्हिओनेनेही. शनेलबाईंचं काम यामुळे लहान होत नाही. पुरुषांच्या आतल्या कपड्यांचं जर्सी कापड त्यांनी बाईच्या बाहेरच्या कपड्यात आणलं, त्याला धाडस लागतं.

व्हिओनेबाईंबद्दल मला आधी काहीच माहीत नव्हतं, आणि आता वाटतं की प्रत्येक टेलरच्या दुकानात त्यांचा फोटो असावा. लहान वयात शिवणकामाला लागलेली ही बाई. उरेब कापड, म्हणजे तिरपं कापलेलं, आपल्याला गळ्याच्या पट्टीपुरतं, पायपिंगपुरतं माहीत. त्यांनी 1920 च्या दशकात अख्खा ड्रेसच उरेब बेतायला घेतला. आधी लाकडाच्या छोट्या बाहुलीवर कापड टाकून बघायच्या, मग मोठं कापड कापायच्या. मॅडमनी साटीनचे दोन तुकडे आणले होते, एक सरळ कापलेला, एक उरेब, आणि दोन्ही एका मुलीच्या खांद्यावरून सोडले. सरळ तुकडा पुठ्ठ्यासारखा उभा राहिला. उरेब तुकडा अंगाबरोबर खाली उतरला, कमरेशी आत वळला, एकही टक न घालता. इथेही दंतकथा आहेच, की उरेब कापणं त्यांनीच शोधलं. तसं नाही, तिरपं कापणं जुनंच आहे, अख्ख्या कपड्याचा भार त्यावर टाकायचं काम त्यांचं. नक्कल ओळखता यावी म्हणून त्या लेबलवर स्वतःच्या अंगठ्याचा ठसा उमटवायच्या. शिवणाऱ्या मुलींना पगारी सुट्टी, जेवणाची खोली, दातांचा डॉक्टर अशा सोयी त्यांच्या कारखान्यात होत्या. हे ऐकून वर्गातल्या रेडिमेड कारखान्यात काम केलेल्या दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

मिनी स्कर्टची गोष्ट त्याच दिवशी झाली. लंडनच्या डिझायनर मेरी क्वांटने शोधला की पॅरिसच्या कुरेजने, हा वाद अजून चालतो. क्वांटबाईंनी स्वतःच सांगून ठेवलं आहे की तो लंडनच्या किंग्ज रोडवरच्या मुलींचा शोध, त्या दुकानात येऊन अजून आखूड करा म्हणायच्या. अमळनेर असो की लंडन, गिऱ्हाईकच कात्री चालवायला लावतं.

गुलाबी रंग मुलींचा, निळा मुलांचा हे पूर्वापार आहे का, 1968 मध्ये अमेरिकेत बायकांनी खरंच ब्रा जाळल्या का, हे विषय भराभर उरकले. पहिल्याचं उत्तर नाही: 1918 च्या अमेरिकन व्यापारी मासिकात गुलाबी मुलांना सुचवलेला आहे. दुसऱ्याचंही नाही: अटलांटिक सिटीच्या त्या निदर्शनात वस्तू कचऱ्याच्या डब्यात टाकल्या, जाळलं काहीच नाही. बायकांच्या शर्टाची बटणं डावीकडे का, हा प्रश्न मी विचारला, कारण गिऱ्हाइकं मला विचारतात. दासी समोर उभी राहून बटणं लावायची म्हणून, मूल डाव्या हातावर असायचं म्हणून, पुरुषांच्या तलवारीमुळे, अशी बरीच उत्तरं फिरतात. मॅडमनी सगळी सांगितली आणि म्हणाल्या, “ताई, यातल्या एकालाही कागदोपत्री पुरावा नाही. विचारलं तर असंच सांगा.” मला हे फार आवडलं. ठोकून द्यायचं सोपं होतं.

आता अजिंठा. सोमवारी लेणी बंद असतात, त्यामुळे सहल शनिवारी ठेवली होती. जळगावहून साठेक किलोमीटर, पुढे फर्दापूरच्या फाट्यावर गाडी ठेवून तिथल्या बसने वर. डबे घरचे. कळण्याची भाकरी आणि ठेचा निघाला तेव्हा पुण्याहून आलेली एक विद्यार्थिनी आमच्याच घोळक्यात येऊन बसली. अजिंठा मी लहानपणापासून पाहिलेला, पण कपड्यांसाठी कोणी दाखवला नव्हता. इथली दंतकथा आपल्या घरातली: शिवलेला कपडा आपल्याकडे सुलतानांबरोबर आला आणि ब्लाऊज इंग्रजांनी आणला.

पहिल्या लेण्यात डाव्या भिंतीवर महाजनक जातकाचं, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माच्या कथेचं चित्र आहे, त्यात एक नर्तकी. मॅडमनी आम्हाला तिच्यासमोर उभं केलं आणि नेहमीचाच प्रश्न विचारला. अंधार असतो, फ्लॅश चालत नाही, डोळे सरावायला वेळ लागतो. मग दिसायला लागतं. लांब बाह्या, दंडाला धरून बसलेल्या. मुंढ्याशी, म्हणजे खांद्याला बाही जोडतात तिथे, कापड गोळा होत नाही, सुरकुतत नाही. नुसतं गुंडाळलेलं कापड हात वर केल्यावर असं राहूच शकत नाही. पाचव्या शतकाच्या शेवटी कोणीतरी बाहीचा गोल बेतला, मुंढ्यात बसवला, आणि चितारणाऱ्याने तो बघून काढला. मी त्या मुंढ्यासमोर बराच वेळ उभी होते. नव्या मुलींना मी बाही बसवायला शिकवते तेव्हा त्या रडकुंडीला येतात. दीड हजार वर्षांपूर्वी आपल्या डोंगरात कोणाला तरी ती नीट बसवता येत होती. त्याच लेण्याच्या छतावर टोपी-अंगरखा घातलेले परदेशी पुरुष आहेत. मथुरेचा कनिष्क राजाचा पुतळा, लांब कोट आणि बूट घातलेला, मॅडमनी छापील कागदावर दाखवला, तो तर याहून जुना. त्याच भिंतींवर उघड्या अंगाने दागिने ल्यालेल्या राण्याही आहेत, हेही त्यांनी लपवलं नाही. शिवलेलं आणि न शिवलेलं दोन्ही एकाच वेळी चालू होतं.

शेवटचा रविवार साडीचा. पाच हजार वर्षं साडी अशीच नेसतात हे खरं नाही, आणि एका बाईने सगळं बदललं हेही खरं नाही. सत्येंद्रनाथ ठाकूर 1863 मध्ये आय.सी.एस. झालेले पहिले भारतीय. ते मुंबई इलाख्यात आले, तेव्हा त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवींनी पारशी बायकांची नेसण बघून, आत परकर आणि पोलकं घालून, घराबाहेर पडता येईल अशी पद्धत बंगालमध्ये नेली. पण आज जिला आपण साधी गोल साडी म्हणतो ती अनेक ठिकाणच्या पद्धती मिसळून झाली, आणि नेसण्याचे प्रकार देशभरात शंभराच्या वर आहेत. मी हे घरी सांगितलं. आमच्या सासूबाई अजून लुगडं नेसतात. वर्गाला निघाले तेव्हा “आते ह्या वयमा शाळा कसाले?” म्हणणाऱ्या त्याच. त्यांनी सगळं ऐकलं, उठून कासोटा सोडून पुन्हा घातला आणि मला म्हणाल्या, नीट बघ.

आता तक्रारी. नोट्स सगळ्या इंग्रजीत. वर्गात निम्म्या बाया दहावी-बारावी मराठीतून शिकलेल्या, त्यांना घरी जाऊन पुन्हा वाचता येत नाही. मॅडम मराठीत इतकं सुंदर शिकवतात, तर कागद मराठीत का नसावा? हे मी लेखी दिलं आहे. पडद्यावरची चित्रंही फार भराभर पुढे जातात.

दुसरी तक्रार शिलाई मशीनची. ज्याच्यावर आमचं पोट चालतं त्या विषयाला जेमतेम वीस मिनिटं. सिंगरने मशीन शोधलं नाही, 1846 मध्ये एलायस हाउला पेटंट मिळालं आणि सिंगरला त्याला पैसे द्यावे लागले, एवढं झालं. त्याआधी 1830 मध्ये फ्रान्समधल्या थिमोनिए नावाच्या शिंप्याने मशीन केलं, त्यावर सैनिकांचे गणवेश शिवायला घेतले, आणि पोटावर पाय येईल या भीतीने पॅरिसच्या शिंप्यांनी ती मशिनं फोडली, हे एका वाक्यात उडालं. आज रेडिमेडमुळे आपली हीच भीती आहे, यावर एक अख्खा रविवार व्हायला हवा होता. शिवाय हाउला भाले घेतलेल्या रानटी लोकांचं स्वप्न पडलं, भाल्यांच्या टोकाला भोकं होती, त्यावरून सुईचं नेढं टोकाशी आणायचं सुचलं, ही गोष्ट वर्गात खरी म्हणून सांगितली गेली. मी आधार विचारला. पुढच्या आठवड्यात मॅडमनी स्वतःहून सांगितलं की ती घराण्यात चालत आलेली कथा आहे, हाउ गेल्यावर बऱ्याच वर्षांनी छापलेली. असं परत येऊन सांगणारी शिक्षिका मिळाली, हे मी या वर्गाच्या जमेला धरते.

तिसरी तक्रार सर्वांत मोठी. पॅरिस आहे, लंडन आहे, अजिंठा आहे, खान्देश नाही. अमेरिकेतलं यादवी युद्ध 1861 ते 1865 चाललं, तेव्हा इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि आपल्या काळ्या मातीतल्या कापसाला भाव आला. त्या काळच्या कपड्यांवर बोलायचं तर हे यायलाच हवं. चाळीसगावकडच्या तांड्यांवरच्या बंजारा बायांचं आरशांचं भरतकाम, धडगावकडच्या पावरा बायांचा पेहराव, यांच्याबद्दलही दंतकथा कमी नाहीत. त्या बायांना वर्गात बोलावलं तर त्या हात चालवून दाखवतील. आणि कोल्हापूरच्या भानू अथैया, गांधी चित्रपटाच्या वेशभूषेसाठी 1983 मध्ये ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय, त्यांचं नावही आलं नाही. चित्रपटातल्या नटीची साडी म्हणून जी फॅशन गावोगाव पोचली ती बेतणारी बाई कोण, हा प्रश्न तर याच वर्गाचा.

बाकी किरकोळ. दुसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघेदुखी असेल तर विचार करा. चहा वेळेवर आणि चांगला. प्रमाणपत्र मिळतं, त्याचा बँकेच्या कर्जाला उपयोग नाही, हे आधीच स्पष्ट सांगतात.

फॅशन डिझाइनच्या मुलींनी करावाच. कपडे नुसते आवडतात अशांनाही जमेल, शिवता यायची अट नाही. अमळनेर, धरणगावहून येणाऱ्यांना सुरतकडून येणारी गाडी सोयीची पडते, स्टेशनवरून रिक्षा मिळते. टेलरताईंनी मात्र दिवाळीआधीच्या किंवा लग्नसराईतल्या बॅचला नाव घालू नये, कामाची ओढाताण होईल. पावसाळ्यातली बॅच घ्या, आणि अजिंठ्याला जाताना कापडाची वही आणि पेन्सिल न्या, आतल्या उजेडात मोबाइलपेक्षा तेच कामाला येतं.